राउटर आधी उलटा करा: जुन्या वायफाय राउटरचं फर्मवेअर सुरक्षितपणे कसं बदलायचं

इंदूरला रामबागेत आत्याकडे गेलो की चहाच्या आधी राउटरची तक्रार येते. "अरे, दिवे सगळे लागतात, पण नातवाशी बोलायला बसलं की त्याचं तोंड उघडंच राहतं, आवाज येतच नाही." तिचा राउटर २०१४ सालचा, पांढरा, दोन अँटेनाचा. टीव्हीच्या वरच्या फळीवर ठेवलेला, आणि घेतल्यापासून कुणीही त्याचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, बदललेलं नव्हतं. गेल्या दिवाळीत मी ते बदललं. प्रत्यक्ष अपडेटला चार मिनिटं लागली, तयारीला दीड तास गेला. हा लेख मुख्यतः त्या दीड तासाबद्दल आहे, कारण राउटर बिघडतो तो तिथे केलेल्या घाईमुळे.

हे अनुभवानं सांगतोय. आमच्या लोकमान्य नगरच्या घरी काही वर्षांपूर्वी मी एक चालता राउटर गमावला. मॉडेल नंबर बरोबर होता आणि फाइल कंपनीच्याच साइटवरून घेतली होती. हार्डवेअरची आवृत्ती मात्र मी पाहिलीच नाही. राउटरनं फाइल निमूटपणे स्वीकारली, पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत गेली, आणि त्यानंतर फक्त पॉवरचा दिवा लागायचा. ब्रिक होणं म्हणतात ते हेच. त्या वेळी बाबांचे टेलिमेडिसिनचे सल्ले चालू होते आणि घरात तीन दिवस इंटरनेट नव्हतं. तेव्हापासून कुणाच्याही राउटरला हात लावताना मी पहिल्यांदा तो उलटा करतो.

अपडेट करायचंच कशाला?

फर्मवेअर म्हणजे राउटरच्या आत, फ्लॅश मेमरीच्या चिपवर बसलेली प्रणाली. बहुतेक घरगुती राउटरांत ती लिनक्सवरच बेतलेली असते. कॉम्प्युटरसारख्या तिच्यातही त्रुटी सापडत राहतात, फरक इतकाच की जुना राउटर स्वतःहून काही मागत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं तसाच चालतो. मे २०१८ मध्ये सिस्को कंपनीच्या टॅलोस या सुरक्षा-संशोधन गटानं व्हीपीएनफिल्टर नावाच्या घातक सॉफ्टवेअरची माहिती उघड केली. किमान ५४ देशांत मिळून ५ लाखांच्या आसपास राउटर आणि तत्सम उपकरणं त्यानं ग्रासली होती, आणि त्यांत लिंकसिस, नेटगिअर, मायक्रोटिक, टीपी-लिंक यांची घरात आणि छोट्या ऑफिसात वापरली जाणारी मॉडेल होती. राउटर बंद करून चालू केला तरी त्याचा पहिला टप्पा आत टिकून राहायचा, एवढं ते चिवट होतं.

त्याआधी २०१६ मधलं मिराई नावाचं घातक सॉफ्टवेअर वेगळ्या वाटेनं पसरलं होतं. ते उपकरणांचे कारखान्यातून आलेले ठरावीक पासवर्ड टाकून पाहत आत शिरायचं. म्हणून एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो: फर्मवेअर नवं आणि पासवर्ड 'अ‍ॅडमिन'च, अशा राउटरचं अपडेट अर्धवटच झालेलं असतं.

वेग वाढेल या आशेनं मात्र अपडेट करू नका. आत्याचा अडकणारा व्हिडिओ थोडा सुधारला, पण तो वायफायचा चॅनेल बदलल्यामुळे. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

डबा नेमका कुणाचा?

हल्ली बऱ्याच घरी दोन डबे असतात: फायबर येतो तो नेटवाल्यानं बसवलेला डबा आणि त्याच्या मागे आपला जुना राउटर. फायबरच्या डब्याला हात लावू नका. त्याचं फर्मवेअर कंपनी दुरूनच, टीआर-०६९ नावाच्या व्यवस्थेतून बदलते, आणि त्यात त्यांच्या लाइनपुरत्या खास सेटिंग असतात. तुमच्या राउटरच्या लॉगिन पानावर नेटवाल्या कंपनीचा लोगो दिसत असेल, तर तोही त्यांच्याच खास फर्मवेअरवर चालतोय असं धरा आणि अपडेटसाठी त्यांनाच फोन करा. पुढचं सगळं फक्त तुम्ही स्वतः विकत घेतलेल्या राउटरसाठी आहे.

पोटावरचं लेबल

राउटर बंद करा, उलटा करा आणि मोबाइलनं लेबलचा फोटो काढा. जुन्या राउटरचं लेबल उन्हानं, उष्णतेनं पिवळं पडलेलं असतं. आत्याच्या राउटरवर तर तेलकट धुळीचा थर होता, तो ओल्या फडक्यानं हलकेच पुसावा लागला. टॉर्च समोरून धरला की अक्षरं चकाकतात आणि वाचता येत नाहीत. बाजूनं, जवळजवळ आडवा धरला की फिकट छपाईसुद्धा उठून दिसते. आत्यानं टॉर्च धरला, मी फोटो काढला आणि मोठा करून पाहिला.

लेबलवर तीन गोष्टी शोधायच्या. पहिली मॉडेल, उदाहरणार्थ टीएल-डब्ल्यूआर८४१एन. दुसरी आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे हार्डवेअर आवृत्ती. टीपी-लिंकवर ती 'व्हर' या अक्षरांपुढे ९.२ किंवा १४.० अशी लिहिलेली असते, आणि बिंदूच्या आधीचा आकडा हीच मुख्य आवृत्ती. डी-लिंकवर 'एच/डब्ल्यू व्हर' असं असतं आणि पुढे इंग्रजी अक्षर व आकडा असतो. तिसरी गोष्ट म्हणजे देश. भारतासाठीचं मॉडेल असेल तर 'आयएन' लिहिलेलं असतं, किंवा सिरियल नंबरच्या आसपास देशाचा संकेत असतो.

आवृत्तीला एवढं महत्त्व का, हे ८४१एन वरून कळतं. दुकानात त्याचं नाव वर्षानुवर्षं तेच राहिलं, पण आतून तो चौदा आवृत्त्यांपर्यंत बदलत गेला. प्रोसेसरची चिप बदलली, मेमरीची मांडणी बदलली. डी-लिंकच्या डीआयआर-६१५ चीही तीच गत. नवव्या आवृत्तीची फाइल तेराव्या आवृत्तीच्या राउटरला चालत नाही, कारण ती दुसऱ्याच चिपसाठी लिहिलेली असते. काही राउटर अशी फाइल नाकारतात. माझ्या राउटरनं नाकारली नाही, म्हणून राउटर आपली चूक पकडेल यावर विसंबू नका.

लेबल वाचून झालं की राउटर चालू करून आत लॉगिन करा. पत्ता बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो आणि लेबलवरच छापलेला असतो. पत्ता टाकूनही पान उघडत नसेल तर मोबाइलचा डेटा बंद करा, व्हीपीएन असेल तर तेही बंद करा. 'सुरक्षित नाही' असा इशारा ब्राउझर देईल. जुन्या राउटरचं पान कूटबद्ध नसतं म्हणून तो येतो, आपल्याच घरातल्या राउटरशी केबलनं बोलताना तो मनावर घ्यायची गरज नाही. आत 'स्टेटस' पानावर फर्मवेअर आवृत्ती आणि हार्डवेअर आवृत्ती दोन्ही दिसतात. ती लेबलशी ताडून पाहा. टीपी-लिंकच्या जुन्या राउटरांत 'बिल्ड' पुढे सहा आकडे असतात, ते म्हणजे तारीख: समजा १५०३१० असेल तर वर्ष २०१५, महिना मार्च, तारीख १०. लेबल आणि पान यांत तफावत दिसली तर तिथेच थांबा. जुन्या बाजारातून घेतलेल्या राउटरवर कुणीतरी आधीच भलतं फर्मवेअर चढवलेलं असू शकतं.

फाइल कुठून आणि कशी

कंपनीच्या भारतातल्या साइटवरूनच घ्या. 'ड्रायव्हर डाउनलोड' नावाच्या साइटवरून नको, आणि व्हॉट्सॲपवर कुणी पाठवलेली तर अजिबात नको. मॉडेलच्या पानावर हार्डवेअर आवृत्ती निवडण्याची यादी असते. ती तुमच्या आवृत्तीवर आणल्यावरच खालच्या फाइलींकडे बघायचं, कारण पान उघडताना तिथे बहुधा सगळ्यात नवी आवृत्ती निवडलेली असते. मी फसलो तो नेमका इथे.

फाइलशेजारच्या सूचना सावकाश वाचा. कधी लिहिलेलं असतं की आधी मधली एक आवृत्ती चढवा, मग ही. कधी असतं की हे चढवल्यावर मागे जाता येणार नाही. कधी ठरावीक देशापुरती फाइल असते. युरोपची फाइल भारतातल्या राउटरवर चढवून 'चालली' म्हणणारे भेटतात. तसं करू नका, वायफायचे चॅनेल आणि शक्ती देशानुसार ठरलेली असते.

डाउनलोड बहुधा झिप असतं. ते उघडून आतली '.बिन' फाइल बाहेर काढा, राउटरला तीच द्यायची. झिपच चढवायला जाणारे बरेच पाहिले आहेत. फाइलचं नाव बदलू नका. साइटवर एमडी५ किंवा एसएचए-२५६ असा पडताळणीचा आकडा दिला असेल तर तो जुळवून बघा. दिलेला नसेल तर निदान फाइलचा आकार साइटवरच्या आकाराशी ताडा. अर्धवट उतरलेली फाइल लगेच ओळखू येते. फाइल लॅपटॉपवर ठेवा आणि कंपनीच्या सूचनांचं पानही सेव्ह करून ठेवा, काही अडलं तर तेव्हा घरात इंटरनेट नसेल.

सेटिंगची नोंद

अपडेटनंतर सेटिंग पुसल्या जातील असं धरूनच चाला. राउटरमध्ये 'बॅकअप' असतो, तो घ्या, पण फक्त त्याच्यावर विसंबू नका. फर्मवेअरमधलं अंतर मोठं असेल तर जुना बॅकअप नव्या फर्मवेअरवर नीट बसत नाही आणि मग विचित्र अडचणी येतात. प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट घेऊन सेटिंग हातानं भरणं हाच माझा रिवाज.

सगळ्यात आधी 'वॅन' (बाहेरून येणारी लाइन) किंवा 'इंटरनेट' पान बघा. कनेक्शन पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डनं जोडलं जाणारं) आहे, डायनॅमिक (पत्ता आपोआप मिळणारं) आहे की स्टॅटिक (पत्ता हातानं भरायचं)? पीपीपीओई असेल तर युजरनेम दिसतं, पासवर्डच्या जागी मात्र ठिपके असतात, आणि स्क्रीनशॉटमध्ये ठिपक्यांचाच फोटो येतो! नेटवाल्याला आधीच फोन करून तो पासवर्ड मेसेजवर मागवून घ्या. रविवारी रात्री त्याचा फोन लागेलच असं नाही. काही केबलवाले राउटरचा मॅक पत्ता, म्हणजे प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक, नोंदवून घेतात. 'मॅक क्लोन' पानावर कारखान्याच्या पत्त्याहून वेगळा पत्ता असेल तर तोही टिपून ठेवा. वायफायचं नाव आणि पासवर्ड आधी होते तेच ठेवलेत तर टीव्ही, फोन आणि सीसीटीव्ही पुन्हा आपोआप जोडले जातात, एरवी अख्ख्या घराचे फोन आपल्याच हातात येतात.

विजेचं काय

अपडेट चालू असताना राउटर आधी फ्लॅश चिपवरचं जुनं पुसतो आणि मग नवं लिहितो. नव्या, महागड्या राउटरांत बऱ्याचदा दोन जागा असतात: एक बिघडली तर दुसरीवरून उठता येतं. जुन्या स्वस्त राउटरात जागा एकच. पुसणं आणि लिहिणं यांच्या मध्ये लाइट गेली तर आत उरतं ते अर्धं फर्मवेअर.

म्हणून लॅपटॉपची बॅटरी भरलेली आणि राउटर इन्व्हर्टरच्या सॉकेटवर हवा. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असेल तर अपडेटपुरतं ते चालू करा. साध्या मोडमध्ये बदलीला थोडा जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात राउटर बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकतो. घरी राउटरचा छोटा यूपीएस असेल तर उत्तमच, पण अडॅप्टरवरचे व्होल्ट जुळवा. जुने राउटर ९ व्होल्टवरही असतात आणि १२ वरही, पिन मात्र दोन्हींची सारखीच दिसते. अडॅप्टर पिनेजवळ हलवल्यावर राउटरचे दिवे लुकलुकत असतील तर आधी अडॅप्टर बदला, अपडेट नंतर. नवा घ्यायला महाराणी रोडला किंवा जेल रोडला जाताना जुना अडॅप्टर सोबत न्या, म्हणजे व्होल्ट आणि अँपियर दोन्ही बघून घेता येतील: व्होल्ट तेवढेच हवेत, अँपियर तेवढे किंवा थोडे जास्त.

वेळही निवडा. ढग गडगडत असतील तर नको. नर्मदेच्या नळाला पाणी येण्याची वेळही नको, कारण त्या वेळी गल्लीतल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात, व्होल्टेज खाली बसतं आणि जुन्या जड ट्रान्सफॉर्मरच्या अडॅप्टरला ते सोसत नाही. आत्याकडे आम्ही दुपारी तीनला बसलो. मोटर बंद, शेजारी झोपलेले, आणि आत्यानं स्वतःच मिक्सरचा प्लग काढून ठेवला.

आता प्रत्यक्ष अपडेट

१. वायफायवरून अपडेट करू नका. लॅपटॉप आणि राउटर लॅनच्या केबलनं जोडा, तेही लॅनच्या, म्हणजे घरातली उपकरणं जोडायच्या, पोर्टला. निळं किंवा वेगळ्या रंगाचं एकटं पोर्ट वॅनचं असतं. लॅपटॉपला लॅनचं पोर्ट नसेल तर यूएसबीचा लॅन अडॅप्टर मिळतो, तो कुणाकडून उसना आणला तरी चालेल.

२. लॅपटॉपचं वायफाय बंद करा. वॅनची केबल काढून ठेवा. घरच्यांना सांगा की पंधरा मिनिटं नेट नाही.

३. राउटर एकदा बंद करून चालू करा आणि दोन मिनिटं थांबा. चढवलेली फाइल आधी राउटरच्या रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, उतरते, आणि जुन्या राउटरात रॅम जेमतेम ३२ एमबी असते. महिनोन् महिने चालू असलेल्या राउटरात ती मोकळी नसते.

४. आत लॉगिन करा. टीपी-लिंकच्या जुन्या पानावर 'सिस्टिम टूल्स' मध्ये 'फर्मवेअर अपग्रेड' असतं, डी-लिंकवर 'टूल्स' किंवा 'मेंटेनन्स' मध्ये. फाइल निवडा. रकान्यात 'फेकपाथ' असा शब्द दिसला तर घाबरू नका, ब्राउझर फाइलचा खरा पत्ता लपवतो म्हणून तसं दिसतं.

५. बटण दाबण्याआधी फाइलच्या नावातली आवृत्ती आणि लेबलचा फोटो शेजारी शेजारी ठेवून एकदा वाचा. मी मोठ्यानं वाचतो आणि दुसऱ्या कुणाला तरी ऐकवतो.

६. दाबा आणि हात मागे घ्या. पान रिफ्रेश नको, मागे जाणं नको, लॅपटॉप झोपू देऊ नका. पट्टी मधेच थबकल्यासारखी वाटते. सगळे दिवे एकदम विझतात, मग एकदम लागतात, मग एकेक करून नेहमीसारखे होतात. पान 'उघडत नाही' असं दाखवलं तरी पूर्ण दहा मिनिटं वाट पाहा. चालता राउटर अधीरपणानं बंद केल्यामुळेच मेला, असंही होतं.

अपडेटनंतर

स्टेटस पानावर नवी आवृत्ती दिसते का बघा. जुनंच पान दिसत असेल तर ब्राउझरची खाजगी खिडकी उघडून बघा. नंतर राउटर एकदा कारखान्याच्या सेटिंगवर आणा: मागचं रिसेटचं बटण टाचणीनं दहा सेकंद दाबून ठेवा. जुन्या सेटिंगचे अवशेष नव्या फर्मवेअरमध्ये राहिले की नेट अधूनमधून तुटत राहतं आणि कारण सापडत नाही.

मग सेटिंग हातानं भरा. पहिला बदल लॉगिनच्या पासवर्डचा, वायफायचा त्यानंतर. सुरक्षेत डब्ल्यूपीए२ आणि एईएस निवडा, टीकेआयपी आणि डब्ल्यूईपी या जुन्या, कमकुवत पद्धती नको. डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिननं वायफाय जोडण्याची सोय) बंद करा. 'रिमोट मॅनेजमेंट' (घराबाहेरून राउटरमध्ये लॉगिन करण्याची सोय) बंद आहे याची खात्री करा. यूपीएनपी (उपकरणांना राउटरमधून स्वतःहून वाट उघडू देणारी सोय) लागतच नसेल तर तेही बंद. देश भारत निवडा. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी सगळ्यात कमी गर्दीचा घ्या. आत्याच्या इमारतीत बहुतेकांचे राउटर सहावर होते, तिचा अकरावर नेला आणि नातवाचं तोंड हलायला लागलं.

राउटर उठलाच नाही तर

लगेच फेकू नका. फर्मवेअर मेलं तरी त्याआधी चालून त्याला सुरू करणारा छोटा प्रोग्राम, बूटलोडर, बहुधा जिवंत असतो. डी-लिंकच्या बऱ्याच जुन्या मॉडेलांत रिसेट दाबून धरून वीज चालू केली की आपत्कालीन पान येतं. लॅपटॉपला १९२.१६८.०.२ असा पत्ता हातानं द्यायचा आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ उघडायचं. टीपी-लिंकच्या काही आवृत्त्या टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीनं फाइल स्वतः मागून घेतात. ८४१एनच्या नवव्या आवृत्तीसाठी लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.०.६६ ठेवून त्यावर टीएफटीपीडी६४ सारखा छोटा प्रोग्राम चालवायचा आणि फाइलला राउटरला अपेक्षित असलेलं 'रिकव्हरी' नाव द्यायचं. एक सावधगिरी आहे: टीपी-लिंकच्या मूळ फाइलच्या नावात 'बूट' हा शब्द असेल तर ती जशीच्या तशी टीएफटीपीनं चढवू नका. तिच्यात बूटलोडरचाही भाग असतो, ती भलत्या जागी बसते आणि राउटर पुन्हा उठतच नाही. हे सगळं आवृत्तीगणिक बदलतं, त्यामुळे आपल्या नेमक्या आवृत्तीची कृती मिळाल्याशिवाय प्रयोग करू नका. कृती समजत नसेल तर आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये जाणकार माणसं बसतात. त्यांनाही आधी लेबल दाखवा आणि कोणती फाइल चढवली होती ते सांगा.

नवं फर्मवेअर मिळतच नसेल तर

बऱ्याच जुन्या मॉडेलांचं शेवटचं फर्मवेअर सात-आठ वर्षांपूर्वीचं असतं. ते चढवा, पण त्यानं राउटर आजच्यापुरता सुरक्षित झाला असं समजू नका. ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त फर्मवेअर अनेक जुन्या राउटरांना नवं आयुष्य देतं. मात्र ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमच्या राउटरांसाठी त्याची १९.०७ ही शेवटची मालिका होती आणि तिलाही आता सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत. तुमचा राउटर या गटातला असेल तर पैसे नव्या राउटरवर घाला. मी आमच्या घरी हेच केलं. जुना राउटर वायफाय आणि डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद करून, वॅनला काहीही न लावता, नुसता लॅनचा जोड म्हणून टीव्हीमागे लावला.

जो काढून टाकायचाच आहे, त्याला आधी रिसेट दाबा. आत तुमचा पीपीपीओईचा पासवर्ड आणि वायफायचा पासवर्ड दोन्ही असतात. मग इंदूरच्या कचरागाडीत ई-कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, त्यात टाका, आणि अडॅप्टरही त्याच्याबरोबरच जाऊ द्या. तो दुसऱ्या राउटरला लावून बघायचा मोह होतो, व्होल्ट जुळत नसतील तर तो टाळा.